वस्तू उलटी करून बघायला सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेला जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी खरेदीचं टिपण तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलंत. नोकरी, घर आणि तिकडची थंडी सांभाळून, एक पैसा न घेता. आमच्या टिपणात दुकानांची यादी होती. तुम्ही तिच्यावर सगळ्यांत आधी एक वाक्य लिहिलंत: ‘आधी वस्तू उलटी करून बघा.’ त्याचा उपयोग पुढे जाणाऱ्या कुणालाही होईल, म्हणून हे आभार उघड पत्रातून.

पहिला मान स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या लाकडी घोड्याचा. लाल रंग आणि पाठीवर वेलबुट्टीचं खोगीर असलेला हा घोडा गामला स्तान या स्टॉकहोमच्या जुन्या पेठेतल्या प्रत्येक दुकानात दिसतो, आणि त्यातले बरेच साच्यातून निघालेले असतात. तुम्ही पोट बघायला सांगितलंत. अस्सल घोड्याच्या पोटावर कारखान्याचा शिक्का किंवा चिठ्ठी असते. मूराजवळच्या नुस्नेस गावात ग्रानास ओल्सन (१९२२) आणि नील्स ओल्सन (१९२८) हे दोन जुने कारखाने आहेत, बहुतेक वेळा नाव यांपैकीच एकाचं. साच्यातल्या घोड्याच्या पोटावर नाहीतर पायांच्या आतून शिवणीसारखी बारीक रेघ सापडते. अस्सल घोड्यावर बोट फिरवलं की रंगाखाली सुरीचे सपाट छाट लागतात. पाईनच्या फळीतून आकार कापतात, मग सुरीने कोरतात, अस्तराच्या रंगात बुडवतात, खड्डे लुकणाने भरून घासतात आणि पुन्हा रंगात बुडवतात. वेलबुट्टी काढताना एकाच कुंचल्यावर दोन रंग घेतात, म्हणून प्रत्येक पाकळीत एक रंग दुसऱ्यात विरघळताना दिसतो. छापलेल्या पाकळीत ते जमत नाही. शोकेससाठी अगदी जुळी जोडी हवी, असा हट्ट आमच्याकडे फार होतो. तुम्ही सरळ लिहिलंत की जोडी तंतोतंत जुळली तरच शंका घ्या.

कोपनहेगनच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीबद्दल तुम्ही सांगितलेली खूण तर आम्ही कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत वाचली नव्हती. १७७५ पासूनच्या रॉयल कोपनहेगन या कारखान्याच्या ताटलीच्या तळाशी तीन लाटा असतात. डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांच्या त्या, ओरेसुंड, मोठा बेल्ट आणि छोटा बेल्ट. शेजारी रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. या लाटांवरून ग्लेझमध्ये आडवा ओरखडा असेल तर माल दुसऱ्या प्रतीचा. दोष कधी सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्याचाच असतो आणि किंमत मात्र चांगलीच उतरते, तेव्हा रोजच्या वापरासाठी ओरखडावालाच घ्यावा हे तुमचं मत आम्हाला पूर्ण पटतं. फक्त जुन्या वस्तूंच्या दुकानात तोच माल पहिल्या प्रतीच्या भावाने समोर येऊ शकतो, तिथे तळ बघितल्याशिवाय भाव बोलू नये. हल्ली बरंचसं रंगकाम थायलंडमध्ये होतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. हात माणसाचाच आहे, ज्याला डेन्मार्कमध्येच झालेलं काम हवं त्याने जुने नग शोधावेत.

नॉर्वेच्या लोकरीसाठी उलटं करणं म्हणजे हातमोजा आतून बाहेर काढणं. आठ पाकळ्यांच्या चांदणीचे, सेल्बू गावचे हातमोजे दोन रंगांच्या धाग्यांनी विणतात आणि न लागणारा धागा आतून मोकळा पुढे जातो. हे मोकळे धागे लांब असले की अंगठी अडकते आणि पहिल्याच थंडीत टाके ओढले जातात. अंगठ्याच्या सांध्यात भोक राहिलंय का, तेही आतूनच कळतं. स्वेटरच्या चिठ्ठीवर ‘नॉर्वेमध्ये रेखाटलेला’ आणि ‘नॉर्वेमध्ये बनवलेला’ यांतला फरक वाचा, असं तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत. शिवाय कोकणात नाहीतर मुंबईत राहणाऱ्याने जाड स्वेटरवर एवढे क्रोन का घालवावेत, हा तुमचा प्रश्न रास्तच होता. दमट हवेत लोकरीला कसर लागते. हातमोजे निदान डब्यात मावतात आणि भेट म्हणूनही हलके पडतात.

सामी लोकांच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, वस्तूंवर तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिलात, आणि ते योग्यच होतं, कारण नक्कल तिथेच सर्वांत जास्त टोचते. कथलाच्या तारेचं कडं म्हणजे किंचित चांदी मिसळलेली बारीक तार, तिची वेणी, आणि ती रेनडियरच्या चामड्यावर शिवलेली. उलट्या बाजूला टाके दिसले पाहिजेत. गोंदाने चिकटवलेली वेणी घामाने सुटते. बटण शिंगाचं असेल तर त्यात सच्छिद्र कण दिसतात, प्लास्टिकचं एकसारखं गुळगुळीत असतं. बटण आणि फासा पक्के असल्याने कडं मागाहून सैल करता येत नाही. भेट न्यायचं असेल तर मनगटाचं माप दोऱ्याने घेऊन जावं. १९८२ पासून वापरात असलेली ‘सामी दुओद्यी’ (सामी हस्तकला) ही खूणचिठ्ठी मागून बघावी. बर्च झाडाच्या गाठीतून कोरलेल्या पेल्यात लाकडाच्या रेषा भोवऱ्यासारख्या फिरतात. रेषा सरळ धावत असतील तर ते साधं लाकूड. असा पेला साबण, मायक्रोवेव्ह आणि नागपूरच्या मे महिन्यातली खिडकी, तिन्हींपासून लांब ठेवायचा, नाहीतर तडा ठरलेला.

पैशांचं तुम्ही थोडक्यात आटोपलंत, आम्हीही तेच करतो. तीन देश, तीन वेगळे क्रोन. स्वीडनमध्ये अनेक दुकानं रोकड घेतच नाहीत, त्यामुळे निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करणं भाग आहे. यंत्राने ‘रुपयांत देणार का?’ विचारलं तर नाही म्हणायचं, तिथला दर नेहमी महाग. नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

करपरताव्याचा, म्हणजे परदेशी पर्यटकाला खरेदीवरचा कर परत मिळण्याचा, भाग मात्र सोन्यासारखा होता. कर २५ टक्के, पण तो मूळ किमतीवर, म्हणजे छापील किमतीचा पाचवा भाग. त्यातून मधली कंपनी आपला वाटा कापते, म्हणून २५ टक्के परत मिळतील या भरवशावर खरेदी करू नये. एका दुकानात स्वीडनमध्ये २००, डेन्मार्कमध्ये ३०० आणि नॉर्वेत ३१५ क्रोनच्या वर बिल गेलं की पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा. चूक होते ती विमानतळावर. लोक आधी बॅग चेक-इन करतात आणि मग कस्टम्सच्या रांगेत लागतात, तोवर दाखवायला वस्तूच हाताशी नसते. माल न वापरलेला हवा आणि बॅग देण्याआधीच दाखवायला हवा. नॉर्वे युरोपीय संघात नाही. तिथला माल महिन्याभरात देशाबाहेर जावा लागतो, आणि स्वीडनचा माल घेऊन नॉर्वेत शिरलात की संघाची हद्द वाटेतच संपते, तिथे फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का घ्यायला कुणी थांबत नाही. म्हणून तुमचा क्रम आम्ही जसाच्या तसा उचलला: नॉर्वे आधी, मग स्टॉकहोम, शेवटी कोपनहेगन, आणि फुटणारी खरेदी सगळी तिथे.

तुमचा एक सल्ला मात्र आम्ही टिपणात घेतलेला नाही. ‘शिंगांचं व्हायकिंग शिरस्त्राण विकत घेऊ देऊ नका,’ असं तुम्ही लिहिलंत. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं असल्याचा पुरावा नाही हे मान्य, पण आठ वर्षांच्या मुलाला ते कोण समजावणार?

तुम्ही चितळ्यांचे पेढे मागितले होतेत. दुधाचे पदार्थ भारतातून सामानात घालून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे, तेव्हा पुढच्या गटाबरोबर थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट पाठवतो आहोत. भाजणी दोन पिशव्यांत आहे, एक तुमच्या शेजारच्या आजींसाठी.

आपले ऋणी,
पुण्याहून प्रवासी गट घेऊन येणारे आम्ही सारे