सर, ती रांग मोडलीत त्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं, चहा सांग’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं जाहीर लिहितोय. कोल्हापुरात पेठापेठांत पोरांना फुटबॉल शिकवणारे माझ्यासारखे हौशी पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामी येईल.

शाहू स्टेडियमवर लीगच्या मॅच बघत वाढलेल्या माणसाला शिट्टी दिली की तो कोच झाला, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मग दहा वर्षांच्या पोरांनाही मोठ्यांचीच प्रॅक्टिस: आधी मैदानाला फेऱ्या, मग रांग लावून एकेकाचा शॉट, शेवटी मोठ्या मैदानावर मॅच. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कडेला उभं राहून रांगेतल्या एकाच पोरावर घड्याळ लावलंत. दहा मिनिटांत त्याच्या पायाला बॉल चार वेळा लागला. बाकीचा वेळ तो पुढच्याच्या बुटाची नाडी ओढत होता. तुम्ही मला तेवढा आकडा सांगितलात आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर वहीचं एक पान फाडून सव्वा तासाचा आराखडा काढून दिलात. त्या दिवसाचा विषय एकच, ‘पास देऊन मोकळी जागा धरणं’. वॉर्मअपपासून बॉल पायात, प्रत्येकाला स्वतःचा. पोरं बारा वर्षांच्या आतली, म्हणून बॉल चार नंबरचा. पाच नंबरचा त्या पायांना जड जातो, आणि मग पोरगं पास द्यायचं सोडून नुसतं लाथाडतं. नंतर चारास एक असा रोंडो: चौघं बाहेर, एक मधे, ज्याचा पास अडला तो आत. आणि निम्म्याहून जास्त वेळ चार-चारांच्या मॅच, छोटे गोल, गोलकीपर नाही. सोळा पोरं म्हणजे एकाच वेळी दोन मॅच, बाहेर बसलेला कुणी नाही. पंधराच आली तर एकाला वेगळ्या रंगाचं बिब, म्हणजे शर्टावरून घालायची बंडी. बॉल ज्या टीमकडे, त्या टीमचा तो.

खरी मेख मात्र नियमांत होती, आणि सगळ्यात जास्त आभार त्याचेच. सगळी पोरं बॉलमागं माश्यांसारखी घोंघावायला लागली की मी ‘पसरा, पसरा’ म्हणून घसा कोरडा करायचो. तुम्ही दोन्ही कडांना दोन-दोन छोटे गोल ठेवलेत, टीमला दोन गोल मारायला आणि दोन राखायला. एकीकडे गर्दी झाली की दुसरा गोल मोकळा! कुणी न सांगता पोरं पसरली. डावा पाय वापरत नाहीत? डाव्याच्या गोलला दोन गुण. मैदान लांबरुंद असलं की ड्रिबलिंग, म्हणजे बॉल पायात खेळवत पुढं नेणं, आखडलं की पटापट पास. मॅच थांबवायची तर एकदाच, अर्ध्या मिनिटासाठी, आणि तीही प्रश्न विचारून: ‘आत्ता तुला कोण मोकळं दिसत होतं?’

पावसाळ्यात निम्म्या मैदानात तळं साचतं, तेव्हाही हाच आराखडा कोरड्या तुकड्यात बसतो, हा त्याचा वेगळाच फायदा.

हेडिंगचंही, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचंही, तसंच. एका वडिलांनी ‘पोराला हेडर का शिकवत नाही?’ म्हणून माझ्याशी वाद घातला होता. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, की इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० साली अकरा वर्षांखालच्या पोरांच्या सरावातून हेडिंग काढायला सांगितलं, आणि अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी त्याआधीच बंदी आली. गृहस्थ गप्प झाले. (कडेवरून ‘मार, मार’ ओरडणं मात्र अजून थांबलेलं नाही. पेठेचं रक्त आहे, त्याला तुमच्याकडेही औषध नसावं.)

२०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक आईबापाला घरात एक अनिकेत दिसतो. त्यांना मी आता तुमचंच उत्तर देतो: पोरगं उद्याच्या प्रॅक्टिसला स्वतःहून येतंय का, ते आधी बघा. आमच्याकडे येतायत. वेळेआधी येऊन मैदानावर खुणेचे प्लॅस्टिकचे कोन मांडतात, आणि आजचा नियम काय म्हणून मागं लागतात.

एक अडलंय, तेही इथंच विचारतो. एक पोरगं पायातला बॉल सोडतच नाही. दोन टचचा नियम, म्हणजे दोनदा पाय लावून बॉल सोडायचाच, असा लावला तर रुसून बसतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं ड्रिबलिंग मोडायला माझाही जीव होत नाही. रविवारी सकाळी सातला मैदानावर या आणि त्याला एकदा बघा. चहा मी सांगतो.

आपला,
पेठेतला एक कोच