दंडवतेंचं काम म्हणजे नुसती कोकण रेल्वे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद, कोकण रेल्वे आणली कोणी? एकजण प्रा. मधु दंडवतेंचा फोटो टाकतो, दुसरा जॉर्ज फर्नांडिसांचा, तिसरा मार्ग बांधणाऱ्या इंजिनिअर श्रीधरनसाहेबांचा, मग एखादे जुने काका दंडवतेंच्या आधीचे खासदार नाथ पै यांचं नाव काढतात आणि सगळे गप्प होतात. खरं तर यातलं कोणीच चुकीचं नाही. 1990 ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज आणि अर्थमंत्री दंडवते, म्हणजे मागणारा आणि देणारा दोघंही आपलेच! त्यात भागभांडवल केंद्राचं 51 टक्के, महाराष्ट्राचं 22, कर्नाटकचं 15, गोवा-केरळचं 6-6 आणि बाकी पैसा रोखे काढून उभा केला, तेव्हा एकट्याच्या नावावर सातबारा करायचा कसा?

पण या भांडणात दंडवतेंचं मोठं काम राहूनच जातं. 1977 ते 79, जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं ते रेल्वेमंत्री होते. त्याआधी सेकंड क्लासने रात्रीचा प्रवास केलेल्यांना विचारा, झोपायला नुसत्या लाकडी फळ्या, मधे फटी, सकाळी उठलं की पाठीवर वळ. ज्याच्याकडे होल्डॉल, म्हणजे गुंडाळून न्यायची वळकटी, तो राजा, बाकीच्यांनी चादर टाकायची आणि कूस बदलत पहाट करायची. या माणसाने त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. फर्स्ट क्लासची गादी काढा असं नाही म्हणाले, खालच्याला वर आणा म्हणाले. आज कोणालाही ती गादी आपोआपच आली असं वाटतं. 1977 च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली सुरू केली ती पण अशीच, फर्स्ट क्लासच नाही, सगळे एकाच वर्गात. 74 च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या कामगारांना परत घेतलं ते वेगळंच. सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस, आणीबाणीत बंगलोरच्या जेलमध्ये काढलेले दिवस, समाजवादी घडण, ते सगळं त्या दोन इंचांत उतरलं होतं असं मला तरी वाटतं.

अर्थमंत्री म्हणूनही त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला, शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी केली, पण ते सरकार काही वर्षभर टिकलं नाही. आणि आम्ही कोकणवाल्यांनी काय केलं? 71 पासून सलग पाच वेळा राजापुरातून निवडून दिलं आणि नेमकं रेल्वेचं काम सुरू झाल्यावर, 1991 ला, घरी बसवलं. 98 ला मार्ग पूर्ण झाला तेव्हा ते खासदार नव्हते. यावर मात्र ग्रुपवर कोणी बोलत नाही, आता फोटोला हार घालायला सगळे पुढे.

आज स्टेशनांवर रंगरंगोटी चाललीय, वंदे भारत आली, चांगलंच आहे, माझा काही विरोध नाही. पण तिचं तिकीट परवडणारे किती? गणपतीला रिझर्वेशन उघडलं की बघता बघता वेटिंग लागतं आणि मग चाकरमानी दिवा-सावंतवाडी गाडीत एका पायावर, संडासाच्या दारात पोरं बसलेली, म्हाताऱ्या बायका सामानावर. दंडवतेंनी ज्याच्यासाठी फोम टाकला तो हाच पॅसेंजर, त्याला आता फळीसुद्धा मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या नव्या गाडीला झेंडा दाखवायला मंत्री कोकणात आले, की आपल्या प्रतिनिधीने एवढंच विचारावं, साहेब, या गाडीला जनरलचे डबे किती? आणि उत्तर काय मिळालं ते पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक चाकरमानी, डोंबिवली