घरातल्या हवेबद्दल, आई-अण्णांना

लेडव्हिल, कोलोरॅडो
13 जानेवारी, भोगी

ती. आई व ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई रडायला लागली आणि माझं सांगायचं राहूनच गेलं, म्हणून लिहिते आहे. विनूने 'ताईच्या घरात विषारी वायू निघाला' एवढंच सांगितलं. मी ठणठणीत आहे. 10,000 फुटांवर सुरुवातीला दम लागायचा, तोही आता लागत नाही.

त्या वायूचं नाव रेडॉन. खडकात युरेनियमचा अंश असतो, त्यातून तो जमिनीखाली तयार होतो. ना वास, ना रंग. उघड्यावर विरून जातो, पण घरात कोंडला तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. आपल्या काळ्या पाषाणात युरेनियम फार कमी, शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडक्या लावून कोण बसतं? इथे मात्र थंडीभर घर बंद. आतली तापलेली हवा वर निघून जाते आणि धुराडं ओढतं तसं घर खालून जमिनीतली हवा ओढून घेतं.

म्हणून इथे घराचीच तपासणी करतात. मला आधी ते काही कळेना. कोळशाची पूड भरलेली चपटी डबी मिळते. ती सगळ्यात खालच्या राहत्या खोलीत, स्टुलावर, खिडकीपासून लांब ठेवायची. त्याआधी 12 तास दारं-खिडक्या बंद. मग दोन-चार दिवस डबीला हात लावायचा नाही. शेवटी झाकण घट्ट लावायचं, वेळ लिहायची आणि लगेच टपालाने लॅबला पाठवायची, कारण हा वायू पावणेचार दिवसांत निम्मा होतो. उशीर झाला की आकडा चुकतो. पहिल्या वेळी मी सवयीने सकाळी खिडकी उघडली, सगळं पुन्हा करावं लागलं. आपल्याकडे बायका शुगर किती आली ते सांगतात ना, तसा इथे शेजारणी घराचा आकडा सांगतात.

लिटरभर हवेत 4 पिकोक्युरी (हे रेडॉन मोजायचं माप) किंवा जास्त आला तर दुरुस्ती करा, असं सरकार सांगतं. माझा 9.1 आला, दुसऱ्यांदा 8.6. घरमालकांनी फरशीला भोक पाडून पाइप बसवला. पंखा खालची हवा ओढून छपरावर सोडतो. आता 1.4. आपला एक पैसा गेला नाही.

अण्णा, 'तळघरात राहिलीसच कशाला' असं तुम्ही विचारलंत. भाडं कमी होतं, त्यात हप्ता निघत होता. चार महिन्यांनी काही होत नाही, यात वर्षं मोजतात. तुम्हाला आधी सांगितलं नाही, ते मात्र चुकलं. आणि बिडी ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका कित्येक पट जास्त, असं इथल्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. ते वाचताना तुमचीच आठवण आली. बिडी सोडा, अण्णा.

रात्री एक वाजता फोनवर आपल्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा पाहिला. संमती कट्ट्याजवळ तुम्ही दिसता का, शोधत होते.

सुमीच्या लग्नासाठी 1,50,000 पाठवलेत, कार्यालयाचं आधी उरका. मुलाकडच्यांना मे महिनाच हवा असेल तर माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. शाळा जूनमध्ये सुटते, मला येता येणार नाही. तिला मी वेगळं लिहिते. पंढरपूरच्या स्थळाला तेवढं नाही कळवा. आधी थोरलीचं, असं मामा म्हणतील, पण सुमीचं अडवून धरू नका. कर्ज फिटेपर्यंत मला इथे राहू द्या.

शेंगाचटणी अजून पुरेल, पार्सल करू नका.

तुमची,
मंगल