होमफ्रेगंजलाही जाऊन ये

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल सेल्युलर जेल पाहून तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज भरून आला होता. सावरकरांची कोठडी, कोलू, फाशीघर. आम्हीही तसेच भारावून परतलो होतो. पण आपल्या घरांत त्या तुरुंगाची गोष्ट राजबंदी परत आले तिथेच संपते. पुढची मी फार उशिरा वाचली, आणि ती फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते आहे.

२३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. प्रतिकार झालाच नाही. इंग्रज गेले म्हणून कित्येकांना हायसंच वाटलं असेल. मग थोड्याच दिवसांत सैनिक घराघरांत शिरून हाताला लागेल ते उचलू लागले. झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने त्यांच्यावर छर्‍याची बंदूक झाडली. कुणाला इजा झाली नाही. तरी तो हाती लागेपर्यंत आसपासची घरं पेटवली गेली, आणि दुसर्‍या दिवशी लोकांना गोळा करून त्यांच्यासमोर त्याचे हाल करून त्याला गोळी घातली. एकाच्या कृत्यासाठी सगळ्या वस्तीला शिक्षा करायची नाही, हा नियम १९०७ च्या हेग करारात लिहिलेला होता आणि जपानने तो मान्यही केलेला होता.

नंतरची साडेतीन वर्षं एका शब्दाच्या धाकात गेली: हेर. जपानी जहाजं बुडू लागली की खबर कोण देतं, असा संशय यायचा. खरे हेर होते. १९४३ च्या जानेवारीत पाणबुडीतून उतरलेली इंग्रजांची तुकडी जंगलात लपलेली होती. पण पकडले गेले ते गावातले कारकून, डॉक्टर, शिक्षक. त्यांना त्याच सेल्युलर जेलमध्ये कोंडलं. आरोप करणारे, तपास करणारे, निकाल देणारे आणि गोळी घालणारे सगळे एकाच गणवेशातले. मारून वदवलेला कबुलीजबाब हाच पुरावा. आणि त्या कबुलीत जी नावं यायची, ती पुढची अटक. अशा गावात शेजारी शेजार्‍याशी काय बोलत असेल, सांग बरं?

डॉ. दिवाणसिंग तिथले डॉक्टर, पंजाबीतले कवी, जपानच्या मदतीने स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक पुढारी. म्हणजे जपान्यांना खरं तर आपलेच वाटायला हवे होते. जवळपास पावणेतीन महिने छळ सोसून १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा ते कैदेतच होते. नेताजी जपान्यांच्या गराड्यात होते आणि कैद्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. नेताजींबद्दलचा माझा आदर यत्किंचितही कमी झालेला नाही. पण झेंडा फडकल्याला बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी होमफ्रेगंजला ४४ भारतीयांना हेर म्हणून गोळ्या घालून खड्ड्यात पुरलं. त्यातले कित्येक त्याच लीगचे होते. इंग्रजांनी मारलं असतं तर त्या ४४ जणांना आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं असतं. मारणारे आपल्या बाजूचे म्हणवत होते, म्हणून आपल्याला ते अडचणीचे झाले. मला हे फार लागतं गं.

उद्या तुम्ही हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाणार. पाणी सुंदरच आहे, मनसोक्त पोहा. पण हेही माहीत असू दे. ऑगस्ट १९४५ मध्ये बेटांवर अन्न संपत आलं, तेव्हा म्हातारे, आजारी, कामाला निरुपयोगी ठरवलेले शेकडो लोक ‘तुम्हाला तिकडे वसवतो, पिकवून खा’ असं सांगून बोटींत भरले आणि त्याच किनार्‍याजवळ समुद्रात ढकलले. जे काठाला लागले, त्यांतलेही बहुतेक उपासमारीने गेले.

१९४६ मध्ये सिंगापूरला ब्रिटिश लष्करी न्यायालयांत यातले काही खटले उभे राहिले. कार निकोबार बेटावरच्या निरपराधांना हेर ठरवून मारल्याचाही. तिथे जपानी आरोपींना वकील मिळाले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. जिंकणार्‍याने भरवलेलं न्यायालय ते, त्यावर आक्षेप घेता येतील. तरीही अंदमानच्या माणसाला कोठडीत जे एकदाही मिळालं नाही, ते त्याला मारणार्‍यांना मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं असं मला वाटतं. ताब्यातल्या प्रदेशातल्या सामान्य माणसाचं रक्षण करणारा चौथा जिनिव्हा करार १९४९ ला झाला, तो असल्याच मेलेल्यांच्या आधारावर.

होमफ्रेगंज शहराबाहेर आहे. तिथे बलिदान वेदी आहे. सहलीच्या यादीत सहसा नसते, गाडीवाल्याला मुद्दाम सांगावं लागेल. आम्ही गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, त्याच रस्त्याच्या आसपासून परत आलो असू. परतीच्या दिवशी सकाळचा वेळ काढ. फुलं ने. आणि तिथून मला फोन कर, मी वाट पाहीन.

तुझी,
आई