आर्माडिलोच्या स्वयंपाकघरातील त्या दोघांचे आभार

ऑस्टिनमधील ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ हे संगीतगृह १९७० साली नॅशनल गार्डच्या जुन्या शस्त्रागारात सुरू झाले आणि ३१ डिसेंबर १९८० च्या रात्रीनंतर कायमचे बंद झाले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, टेक्सास विद्यापीठात नुकताच दाखल झालेला मी, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्याच्या तुकड्यांवर बसून गाणे ऐकताना पाकीट हरवून बसलो. कार्यक्रम संपला तेव्हा शेवटची बस निघून गेली होती, आणि माझी खोली नदीपलीकडे होती.

दाराशी घुटमळताना मला स्वयंपाकघरातील एका बाईंनी पाहिले. त्यांनी बिअरच्या काउंटरवरील गृहस्थांना हाक मारली आणि दोघांनी विजेरी घेऊन एकेक गालिचा उचलून पाहिला. पाकीट मिळाले नाही. मी सकाळपासून उपाशी आहे आणि मांस खात नाही, हे कळल्यावर त्या बाईंनी, दिवसभराच्या कामाने थकलेल्या असतानाही, धुऊन ठेवलेला तवा पुन्हा घासला, जेणेकरून त्याला मांसाचा वासही राहू नये, आणि माझ्यासाठी चीज व मिरच्या घालून नाचोज केले. तो पुन्हा घासलेला तवा मी कधीच विसरलो नाही.

नंतर त्या गृहस्थांनी मला आपल्या पिकअपमधून घरी सोडले आणि माझे दार उघडेपर्यंत दिवे लावून ते रस्त्यावर थांबले. नावे विचारायचे राहून गेले; ती इमारतही १९८१ साली पाडली गेली. आपण दोघे जेथे असाल, तेथे माझा मनःपूर्वक नमस्कार स्वीकारावा.