‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी थांबायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हिवतापाच्या प्रशिक्षणात तुम्ही सूक्ष्मदर्शकाआधी बोट, थेंब आणि काचपट्टी हातात दिलीत. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सीपेरमचं, म्हणजे हिवतापाच्या सगळ्यात घातक परजीवीचं, प्रमाण मोठं. तिथे चुकीचा ‘निगेटिव्ह’ रुग्णाच्या जिवावर बेततो. म्हणून हे आभार.

स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा आणि रक्त येत नाही म्हणून बोट पिळत बसायचं नाही. जाड थेंब साधारण एक सेंटिमीटर रुंद. पट्टी छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत, ही तुमची खूण सगळ्यात कामाची. थेंब त्याहून जाड झाला की रंगवताना पापुद्रा सुटतो आणि परजीवी पाण्याबरोबर वाहून जातात.

खरी गडबड वाळवण्यात होते, हे तुम्ही दाखवून दिलंत. पावसाळ्यात पट्टी लवकर वाळत नाही, मग ती चुलीजवळ धरली जाते किंवा उन्हात ठेवली जाते. उष्णतेने तांबड्या पेशी काचेवर पक्क्या बसतात, हिमोग्लोबिन धुऊन निघत नाही आणि त्या गढूळ थरात परजीवी दिसत नाही. मिथेनॉलचंही तेच: ते फक्त पातळ पटाला (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराला), जाड थेंबाला त्याचा शिंतोडाही नको. पट्टी सपाट ठेवून झाकायची, नाहीतर मुंग्या आणि माशा रक्त चाटून जातात.

गिम्सा (परजीवी दिसावेत म्हणून वापरायचा रंग) १० टक्के असेल तर १० ते १५ मिनिटं, आणि पाण्याचा पीएच ७.२. पाणी आम्लधर्मी असेल तर व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीची लागण झालेल्या पेशींतले ठिपके नीट उमटत नाहीत आणि प्रकार ओळखताना घोळ होतो. रंग गाळून न घेतल्यास त्याचा गाळच परजीवीसारखा दिसतो; नवख्या नजरेला हमखास फसवतो.

जाड थेंबाची ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली) १०० फिल्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे १०० भाग, पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, यावर तुम्ही जराही सूट दिली नाहीत. पट्ट्यांचा ढीग साचला की वीस-पंचवीस फिल्डवर भागवायचा मोह होतो. परजीवी कमी असतात तेव्हा नेमके तेच रुग्ण निसटतात.

रॅपिड किटबद्दलचा (थेंबभर रक्तावर रेघ उमटवून झटपट निदान करणाऱ्या किटबद्दलचा) आंधळा विश्वासही तुम्ही मोडलात. रक्त ५ मायक्रोलिटर, पिपेटच्या खुणेपर्यंतच. वेळ किटवर छापलेली. उशिरा वाचलं तर पुसट, खोटी रेघ दिसू शकते. कंट्रोलची (किट नीट चाललं हे सांगणारी) रेघ नसेल तर बाकी काहीही उमटो, किट बाद. फाल्सीपेरमची रेघ ज्या प्रथिनावर उमटते ते एचआरपी-२ उपचारानंतरही काही आठवडे रक्तात टिकतं. त्यामुळे औषध पूर्ण झाल्यावर पुन्हा ताप आला तर किटवर विसंबायचं नाही, काचपट्टीच पाहायची. उलट, काही फाल्सीपेरम परजीवींमध्ये ते प्रथिन बनवणारं जनुकच नसतं. म्हणून लक्षणं दाट असतील तर किट निगेटिव्ह आलं तरी पट्टी काढायची.

मनापासून आभार.

आपले,
आशा कार्यकर्त्या, आरोग्य सेवक आणि लॅब टेक्निशियन

ता. क. एका कंपनीच्या किटचं बफर दुसऱ्या किटमध्ये घालायचं नाही, हे तुम्ही फळ्यावर लिहिलेलं वाक्य आता किटच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलंय.