मेनूकार्डावरचं हिरवं पान खरं हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या रेस्टॉरंटांची ओळख करून देणारं सदर मी नेमानं वाचते. जागा कशी आहे, गर्दी किती असते, काय चांगलं मिळतं, वाढणारी माणसं कशी आहेत, हे सगळं त्यात येतं. एक प्रश्न मात्र त्यात विचारलेला मी कधी पाहिला नाही: शाकाहारी म्हणून दिलेल्या पदार्थात कुठलं चीज आहे? चार वर्षं मीही तो विचारला नव्हता, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका आहे, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. शाळेतल्या आम्ही चौघी मैत्रिणी महिन्यातून एकदा बाहेर जेवतो. गेली चार वर्षं आमचं ठरलेलं ठिकाण म्हणजे नव्या धाटणीचं एक छोटं इटालियन रेस्टॉरंट. टेबलावर कापड नाही, स्वयंपाकघर उघडं, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेले त्या दिवसाचे पदार्थ, कोपऱ्यात लाकडावर चालणारी भट्टी. प्रत्येक पदार्थ मध्ये ठेवायचा आणि चौघींनी वाटून खायचा. मला ती जागा मनापासून आवडते. तिथे कुणी घाई करत नाही, एकटं माणूस आलं तरी त्याला दाराजवळचं टेबल देऊन बोळवत नाहीत, आणि पास्ता शिजवून ठेवलेला नसतो, मागितल्यावर उकळत्या पाण्यात पडतो. नाव मी देत नाही. जे सांगणार आहे ते फक्त त्यांच्यापुरतं नाही.

माझा आवडता पदार्थ मशरूम रिसोट्टो. तांदूळ लोण्यावर परतायचा, मग गरम स्टॉक पळी-पळीनं घालत साधारण अठरा मिनिटं ढवळत राहायचं. दाणा आत किंचित टणक आणि बाहेर दाटसर रस, असं झालं की भांडं आचेवरून उतरवून लोणी आणि किसलेलं चीज घालून जोरात फेटायचं. मेनूकार्डावर या रिसोट्टोसमोर छोटं हिरवं पान छापलेलं आहे. पान म्हणजे शाकाहारी, असा खुलासा कार्डाच्या तळाशी आहे. त्या पानावर विश्वास ठेवून मी चार वर्षं तो खाल्ला.

तीन महिन्यांपूर्वी टेबल रिकामं नव्हतं, म्हणून आम्हाला स्वयंपाकघरासमोरच्या उंच खुर्च्यांवर बसवलं. माझ्यापासून दोन हातांवर शेफ रिसोट्टो करत होते. त्यांनी चीजचा मोठा तुकडा उचलला. त्याच्या सालीवर टिंबाटिंबांनी अक्षरं उठवलेली होती. संपूर्ण नाव त्या तुकड्यावर मावलं नव्हतं, पण जेवढं होतं तेवढं पुरे होतं: पार्मिजानो रेज्जानो. पाठ्यपुस्तकातल्या एन्झाइमच्या धड्यात मी वर्षानुवर्षं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा अर्क, शिकवलं आहे. आणि ते माझ्याच ताटात आहे हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, ‘या चीजमध्ये कुठलं रेनेट असतं?’ तो गोंधळला. ‘मॅडम, यात मांस नाही. नुसतं चीज आहे.’ तो खोटं बोलत नव्हता, त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं. शेफनी ऐकलं. हात पुसून ते पुढे आले आणि सरळ म्हणाले, ‘वासराचं. पार्मिजानोत दुसरं चालतच नाही.’ मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘स्टॉक पूर्ण भाज्यांचा आहे, म्हणून आम्ही पान लावलं. चीजचं कुणी आजवर विचारलं नाही.’

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण गोष्ट साधी आहे आणि समजली की विसरत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. या गोळ्यांच्या पृष्ठभागावर काप्पा-केसिनचे केसासारखे धागे असतात आणि त्यांच्यामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. कायमोसिन नावाचं एन्झाइम हे धागे नेमक्या एका जागी कापतं. राखण गेली की गोळे एकमेकांना चिकटतात, दूध घट्ट होतं आणि त्याचं चीज करता येतं. हे कायमोसिन दूध पिणाऱ्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात तयार होतं, कारण आईचं दूध पोटात थांबवून पचवायची गरज त्यालाच असते. परंपरागत रेनेट म्हणजे कत्तल केलेल्या वासराच्या याच कप्प्याचा अर्क. जिवंत वासराकडून ते मिळत नाही. मी शाकाहारी का झाले याचा आणि याचा थेट संबंध आहे. विसाव्या वर्षी कॉलेजनं आम्हाला एक मांसप्रक्रिया कारखाना दाखवला होता. त्या संध्याकाळपासून मी मांस खाल्लेलं नाही.

दूध घट्ट करायला दुसरे मार्ग आहेत, ते नवेही नाहीत. काही बुरशींपासून मिळणारं एन्झाइम बऱ्याच काळापासून वापरात आहे. पोर्तुगाल आणि स्पेनमधली काही चीज रानटी आर्टिचोकच्या जातीच्या काटेरी झाडाच्या फुलांनी लावतात. सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1990 मध्ये मान्यता दिली. ते रेणूच्या पातळीवर वासराच्या कायमोसिनसारखंच असतं आणि त्यासाठी वासरू लागत नाही. जगातलं कितीतरी चीज आता असंच होतं. नेमकी इटलीची मोठी, नावाजलेली चीज त्यात नाहीत.

पार्मिजानो रेज्जानोचं नाव युरोपीय कायद्यानं राखलेलं आहे. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे प्रांत आणि बोलोन्या व मान्तोवा प्रांतांचा ठरलेला भाग, इतक्याच टापूत ते होतं. गाईचं न तापवलेलं दूध, मीठ आणि वासराचं रेनेट, याखेरीज काही घालायचं नाही. सुमारे 550 लिटर दुधातून चाळीस किलोच्या आसपासचं एक चाक निघतं आणि ते किमान बारा महिने मुरतं. नियमच असा असल्यामुळे शाकाहारी रेनेटनं केलेलं पार्मिजानो रेज्जानो असूच शकत नाही. तसं केलं तर ते दुसरं चीज होईल, त्याला दुसरं नाव द्यावं लागेल. ग्राना पादानोतही वासराचं रेनेट असतं. पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचं, त्यात कोकराचं रेनेट. त्याच्या तिखट, झोंबऱ्या चवीत त्या रेनेटसोबत येणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा मोठा वाटा आहे.

माझं या चीजवर काही म्हणणं नाही. ज्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ती पद्धत जपली त्यांच्या कामाचा मला आदर आहे, आणि नियम बदला असं मी कुणाला सांगत नाही. शेफनी अस्सल पार्मिजानो आणलं हे त्यांच्या स्वयंपाकाच्या दृष्टीनं योग्यच केलं. पण अस्सल पार्मिजानो आणि हिरवं पान एकाच ओळीत राहू शकत नाही. दोन्हींतलं एक काढावं लागतं.

माझ्या मैत्रिणींपैकी एक म्हणाली, ‘इतकी वर्षं खाल्लंस, काय झालं तुला? आणि रेनेट असतं तरी केवढं!’ ती प्रेमानंच म्हणाली. प्रमाण खरोखरच अगदी थोडं असतं, मी ते नाकारत नाही. पण किती थोडं चालेल हे ठरवायचं माझं मी. कुणी शाकाहारी माणूस रेनेटचा विचार करत नाही, कुणी करतो, कुणी फक्त घरी करतो आणि बाहेर सोडून देतो. तिघांच्याही हातात खरी माहिती असायला हवी. पान लावणाऱ्यानं माझ्या वतीनं ठरवून टाकलं, आणि मला ते कळलंही नाही, याचं मला वाईट वाटलं. जेवणानंतर त्या रात्री मला झोप लागली नाही, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हे फक्त माझ्यासारख्यांपुरतंही नाही. आमच्यातल्याच एकीच्या नातवाला अंड्याची ॲलर्जी आहे, तीही चांगली तीव्र. ग्राना पादानोत अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं लायसोझाइम घालायची परवानगी आहे, चीज मुरताना नको ते जिवाणू वाढू नयेत म्हणून. पार्मिजानोत ते चालत नाही. दोन्ही चीज दिसायला सारखी, किसल्यावर तर ओळखूही येत नाहीत, आणि कार्डावर दोन्हींच्या जागी नुसतं ‘पार्मेझान’ लिहिलेलं असतं. युरोपीय संघात 2008 मध्ये तिथल्या न्यायालयानं निकाल दिला की ‘पार्मेझान’ हे नावही पार्मिजानो रेज्जानोचंच आहे. तो नियम नसलेल्या देशांत त्या शब्दाखाली काहीही किसून मिळू शकतं. त्या मुलाच्या आजीनं काय समजायचं?

कार्डावर पान लागलेले बाकीचे पदार्थही मी मग एकेक करून पाहिले. पेस्तो या हिरव्या चटणीत तुळशीच्या जातीच्या बेसिलबरोबर परंपरेनं पार्मिजानो आणि पेकोरिनो दोन्ही असतात. मिनेस्त्रोने सूपमध्ये चवीसाठी पार्मिजानोची साल उकळतात. आणि ती नंतर काढून टाकतात, त्यामुळे वाटीत काही दिसत नाही. पान्ना कोत्ता तर गोड आणि पांढरीशुभ्र, शंका यायचं कारणच नाही, पण ती बहुधा जिलेटिननं थिजवतात आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून येतं. समुद्री शेवाळापासूनचं अगार-अगार वापरलं तर तोच पदार्थ शाकाहारी होतो. शेफना मी विचारलं तेव्हा त्यांच्याकडे जिलेटिन होतं. पान होतंच.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचकांना वाटेल की इटालियन रेस्टॉरंटात शाकाहारी माणसानं पाऊलच टाकू नये. तसं अजिबात नाही. मरिनारा पिझ्झा नाव समुद्राचं घेऊन आला असला तरी त्यात मासे नसतात आणि चीजही नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बस. भट्टीतून निघालेला चांगला मरिनारा खाल्लात तर चीजची आठवण येणार नाही. लसूण आणि तेलातला स्पॅगेटी, तिखट टोमॅटो सॉसमधला अर्राब्बियाता पास्ता (वरून पेकोरिनो घालू नका असं सांगून), वांग्याची आंबट-गोड कापोनाता, शिळ्या पावाची पान्झानेल्ला कोशिंबीर, हे सगळं मूळचंच तसं आहे. सुका पास्ता साधारणपणे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो. ताज्या पास्त्यात मात्र बहुतेक वेळा अंडं असतं. मस्कारपोने हे चीज तर रेनेटनं नाही, लिंबातल्यासारख्या आम्लानं लावतात.

हे शेवटचं मला शेफनीच सांगितलं. पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं. काही न विचारता वेगळ्या भांड्यात रिसोट्टो केला, शेवटी पार्मिजानोऐवजी लोणी आणि मस्कारपोने घालून फेटला आणि स्वतः आणून समोर ठेवला. चव वेगळी होती. पार्मिजानोचा खारट, खोल स्वाद त्यात नव्हता, पण मशरूम जास्त कळत होते. मी तो शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. त्या माणसाबद्दल मला कृतज्ञता वाटते.

पण पान तिथेच होतं. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं मेनूकार्ड वाचत होतं आणि त्यातली मुलगी बोटानं पान असलेल्या ओळी शोधत होती. तिच्यासाठी कुणी वेगळं भांडं ठेवणार नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं. तिनं का विचारावं? पान छापलेलं आहेच की.

म्हणून माझी रेस्टॉरंट चालवणाऱ्यांना विनंती आहे. नवं चीज आणा, पदार्थ बदला, असं काही मागत नाही. ज्या पदार्थात पार्मिजानो, ग्राना पादानो किंवा पेकोरिनो आहे त्याच्यासमोरचं पान काढा, किंवा तळाच्या खुलाशात एक ओळ घाला: ‘यातील चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट आहे, चीजशिवाय हवं असल्यास सांगा.’ मोझारेला कुठल्या रेनेटचं हे पुरवठादाराला एकदा विचारून लिहून ठेवा, कारण ते दोन्ही प्रकारचं मिळतं. पेकोरिनोच्या जागी पार्मिजानो आलं, ग्रानाच्या जागी आणखी काही, की फळ्यावर खडूनं लिहा. फळा आहेच आणि तो रोज पुसला जातो. वाढणाऱ्या मुलांना चीजची नावं पाठ करून घेता, तसं त्यातलं रेनेटही सांगा. ग्राहकासमोर अडखळायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

आणि आपल्या सदरात लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी इटालियन रेस्टॉरंटात जाल तेव्हा पान लावलेला एक पदार्थ मागवा आणि त्यात कुठलं चीज आहे ते विचारा. जे उत्तर मिळेल ते चवीच्या शेजारी छापा. उत्तर चांगलं असेल तर तेही लिहा, तशा जागा मला आणि माझ्यासारख्यांना हव्याच आहेत.

या महिन्यात आम्ही चौघी पुन्हा तिथेच जाणार आहोत. या पत्राची एक प्रत मी शेफना देणार आहे, छापून येवो वा न येवो.

आपली,
एक वाचक
(निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका)